पाणी आणि राष्ट्राची ताकद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातील आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील शाळा-महाविद्यालये, वाचनालये आणि बागायतदारांच्या बैठका यांत पाण्याच्या राजकारणावर बोलण्याची संधी मला गेली काही वर्षे मिळत आली आहे. व्याख्यानानंतर चिठ्ठ्यांतून, फोनवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तेच ते प्रश्न पुन्हा येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानशी असलेला सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाल्यापासून तर त्यांचा ओघ फारच वाढला. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे शक्य होत नाही, म्हणून ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. जेथे विषय एकमेकांत मिसळतात तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाणी तर निसर्गाची देणगी आहे. त्याचा देशाच्या सत्तेशी काय संबंध?

देशाची ताकद मोजताना आपण सैन्य, कारखानदारी आणि धान्याची कोठारे पाहतो, आणि या तिन्हींच्या मुळाशी पाणी असते. आपल्याकडचे एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र गोदावरीच्या पाण्याशिवाय एक दिवसही चालणार नाही. २०२१ च्या दुष्काळात तैवानला जगभर लागणाऱ्या संगणकीय चिप बनवणाऱ्या कारखान्यांसाठी टँकरने पाणी पुरवावे लागले. २०२३ मध्ये पनामा कालव्याला पाणी देणाऱ्या गातून तलावाची पातळी खालावली, तेव्हा रोज सोडल्या जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली आणि त्याची झळ दूरदूरच्या बंदरांना बसली.

परंतु पाणी किती आहे, यापेक्षा ते केव्हा सोडायचे हे कोण ठरवतो, याला अधिक महत्त्व आहे. मी चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, शेवटच्या टोकाला वाढलो. रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, आमचा नंबर बहुतेक वेळा रात्री लागत असे. वडील दारे धरायला उभे राहत आणि मी बॅटरी घेऊन चारीच्या कडेने वर चालत जात असे, कुठे कुणी बांध फोडला आहे का हे पाहायला. एका वर्षी गहू ओंबीवर असताना आवर्तन पंधरा-सोळा दिवसांनी लांबले. पाणी आले ते ठरल्याइतकेच आले, पण तोपर्यंत दाणा बारीक पडला होता. वर्षाचा हिशेब कागदावर बरोबर जुळत होता आणि आमचे पोते मात्र हलके होते. दोन देशांमधील नद्यांच्या भांडणातही बहुतेक वेळा हेच घडते. पुढच्या अनेक उत्तरांत साठा, वेळ, मोजमाप आणि विश्वास हे चार शब्द वारंवार येतील, त्यामागे ही चारी आहे.

२. टीएमसी, क्युसेक, घनमीटर यांचा गोंधळ होतो. सोपे करून सांगाल का?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर; हे साठ्याचे माप आहे. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. हे प्रवाहाचे, आपल्या भाषेत विसर्गाचे माप आहे. एक लाख क्युसेकने दिवसभर पाणी वाहिले तर सुमारे ८.६ टीएमसी होते. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेपाच टीएमसी आणि गोदावरीवरच खाली पैठणजवळ असलेल्या जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे परदेशांतील धरणेही मी याच मापाने मोजली आहेत.

३. भारतात एवढ्या नद्या आहेत, एवढा पाऊस पडतो. मग पाणी दुर्मिळ कसे?

जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के लोक भारतात राहतात आणि जगाच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ४ टक्केच पाणी आपल्या वाट्याला येते. १९५१ मध्ये दरडोई वार्षिक उपलब्धता ५,१७७ घनमीटर होती, ती २०२१ पर्यंत सुमारे १,४८६ घनमीटरवर आली. १,७०० घनमीटरच्या खाली गेलेला देश पाण्याच्या ताणाखाली आहे असे मानतात आणि १,००० च्या खाली टंचाई धरली जाते. त्यातच आपला पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडून जातो, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांची सोय साठ्यावर आणि भूजलावर होते. भूजलाचा उपसा जगात सर्वाधिक भारतात होतो. इगतपुरीत छत्री मोडेल असा पाऊस आणि येवल्यात टँकर, हे चित्र एकाच जिल्ह्यात पाहणाऱ्याला राष्ट्रीय सरासरी किती फसवी असते हे सांगावे लागत नाही.

४. नदी ज्याच्या देशात उगम पावते तोच बलवान, असेच ना?

असे नेहमी होत नाही. उगम हातात असणे हा लाभ आहे. त्याचे सत्तेत रूपांतर होण्यासाठी पाणी अडवणारे धरण, ते बांधण्याचा पैसा आणि खालच्याचा, म्हणजे नदी पुढे ज्या देशात जाते त्याचा, रोष पेलण्याची ताकद, हे तिन्ही लागते.

नाईल नदीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिच्या प्रवाहाचा फार मोठा भाग इथियोपियाच्या डोंगरांतून येतो, तरी जवळजवळ संपूर्ण विसाव्या शतकात नाईलवर सत्ता चालली ती शेवटच्या टोकाला असलेल्या इजिप्तची. १९५९ च्या करारात इजिप्तने स्वतःसाठी ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानसाठी १८.५ अब्ज घनमीटर वाटून घेतले. इथियोपिया त्या करारात नव्हताच. सैन्य, मुत्सद्देगिरी आणि १९७० मध्ये पूर्ण झालेले आस्वानचे उंच धरण खालच्याकडे होते. वरच्याकडे गरिबी आणि यादवी होती. २०११ मध्ये इथियोपियाने निळ्या नाईलवर महाधरणाचे काम सुरू केले, त्यासाठी आपल्याच नागरिकांना रोखे विकून पैसा उभा केला, २०२० पासून ते भरायला घेतले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. त्याची साठवण सुमारे ७४ अब्ज घनमीटर आहे, म्हणजे साधारण पंचवीस जायकवाडी. उगम शेकडो वर्षे तेथेच होता. सत्तेचा काटा हलला तो भिंत उभी राहिल्यावर.

तुर्कस्तानाकडे मात्र उगम आणि ताकद दोन्ही होते. जानेवारी १९९० मध्ये अतातुर्क धरण भरण्यासाठी त्याने युफ्रेटिसचा प्रवाह सुमारे महिनाभर अडवला, आणि सीरिया व इराक यांना निषेधापलीकडे फारसे काही करता आले नाही.

५. सिंधू करार स्थगित केला, तर पाकिस्तानचे पाणी लगेच का थांबले नाही?

हा सध्याचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेल्या करारावर सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्यांचे पाणी मुख्यतः पाकिस्तानला गेले. पश्चिमेकडील नद्यांवर भारताला वाहत्या पाण्यावर वीजनिर्मिती, मर्यादित सिंचन आणि एकूण ३६ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १५७ टीएमसी साठवण करण्याची मुभा होती. त्या साठवणीचा फारच थोडा भाग आपण प्रत्यक्षात उभारला आहे.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. कागदावरची बंधने बाजूला ठेवता येतात, भूगोल बाजूला ठेवता येत नाही. चिनाबवरील बगलिहार धरण घ्या. २००७ मध्ये करारातील वाद सोडवण्यासाठी नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाने त्याचा वीजनिर्मितीसाठी वापरता येणारा साठा ३.२५६ कोटी घनमीटर ठरवला, म्हणजे सव्वा टीएमसीहूनही कमी. आपल्या गंगापूरचा उपयुक्त साठा त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. पश्चिमेकडील तिन्ही नद्या मिळून वर्षाला वाहतात ते पाणी मात्र साडेपाच हजार टीएमसीहून अधिक आहे. एवढे पाणी ठेवायला आज तेथे जागा नाही, ते डोंगर ओलांडून दुसरीकडे वळवणारे कालवे नाहीत, आणि अशी कामे उभी राहायला वर्षानुवर्षे लागतात.

मग स्थगितीने काही साधले नाही का? साधले. हिवाळ्यात आणि पेरणीच्या तोंडावर प्रवाह कमी असतो, तेव्हा काही दिवस पाणी रोखणे किंवा धरणातील गाळ काढण्यासाठी ते एकदम सोडणे, एवढ्यानेही खालच्या कालव्यांचे वेळापत्रक बिघडू शकते. प्रश्न १ मधील गव्हाची ओंबी येथे आठवावी. शिवाय करारानुसार होणाऱ्या बैठका आणि आकडेवारीची देवाणघेवाण थांबली (प्रश्न ८ पाहा). माझे मत स्पष्ट आहे. "एका थेंबाला मोताद करू" ही भाषा सभेत टाळ्या मिळवते, परंतु शत्रूचा अभियंता भाषण ऐकत नाही, साठवण मोजतो.

६. मग १९४८ मध्ये भारताने पाणी बंद केले होते, ते कसे जमले?

कारण ते पाणी कालव्यांचे होते. फाळणीत माधोपूर आणि फिरोजपूर येथील बंधाऱ्यांचे दरवाजे भारतात राहिले आणि त्यांवरच्या कालव्यांची बरीच शेती पाकिस्तानात गेली. तात्पुरत्या कराराची मुदत ३१ मार्चला संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने ते पाणी थांबवले. ४ मे रोजी दिल्लीत समझोता होऊन पुरवठा पुन्हा सुरू झाला. महिनाभराच्या त्या घटनेने पाकिस्तानच्या मनात जी भीती बसली तिचा परिणाम पुढे बारा वर्षांच्या वाटाघाटींवर राहिला. करारात पाकिस्तानला पर्यायी कालवे उभारण्यासाठी भारताने सुमारे ६.२ कोटी पौंड दिले, ते या दरवाजांवरील अवलंबन कायमचे संपवण्यासाठीच. दरवाजा एकदा बंद करून दाखवला की समोरचा दुसरी वाट शोधू लागतो.

७. चीन ब्रह्मपुत्रेचे पाणी तोडू शकतो का?

पूर्णपणे नाही. तिबेटात यार्लुंग त्सांगपो या नावाने वाहणारी ही नदी भारतात शिरल्यानंतर हिमालयाच्या दक्षिण उतारावरील मोसमी पावसाने आणि उपनद्यांनी प्रचंड फुगते. परंतु धास्ती निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये चीनने नदीच्या मोठ्या वळणाजवळ, अरुणाचलच्या सीमेलगत, सुमारे ६०,००० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केल्याचे जाहीर केले. आजवर जगात सर्वांत मोठ्या असलेल्या त्याच्याच थ्री गॉर्जेस प्रकल्पाची क्षमता २२,५०० मेगावॉट आहे. काळजी दोन गोष्टींची आहे : कोरड्या महिन्यांतील प्रवाहाचा ताल, आणि अचानक सोडलेल्या पाण्याने येणारा पूर. अरुणाचलमध्ये सियांगवर (ब्रह्मपुत्रेचे तेथील नाव) मोठे साठवण धरण बांधण्याचा भारताचा विचार याच दुसऱ्या भीतीतून पुढे आला आहे, आणि तेथील आदी लोकांचा त्याला विरोध आहे. वरच्याच्या धरणाला उत्तर म्हणून खालच्याने धरण बांधायचे आणि त्यात आपल्याच माणसांची गावे बुडवायची, हा पेच सोपा नाही. तो दिल्लीत बसून नकाशावर सुटेल असे मला वाटत नाही.

चीनला बांधील करणारा पाणीवाटपाचा करार भारताकडे नाही. आंतरराष्ट्रीय नद्यांविषयीच्या १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर मतदान झाले तेव्हा विरोधात मत देणारे तीनच देश होते : चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. भारत तटस्थ राहिला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

८. नुसती आकडेवारी न देणे हे शस्त्र कसे होऊ शकते?

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती प्रत्येक नाशिककराला ठाऊक आहे. पावसाळ्यात गंगापूरचा विसर्ग वाढला की शहर एकच प्रश्न विचारते, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले? गुडघ्याला लागले की भांडीबाजारातला माल वर हलवायला सुरुवात होते, कमरेला लागले की सराफ बाजार जागा होतो. ही आपली जुनी पूरमापनपट्टी. आता कल्पना करा की मारुतीवर पडदा टाकला आहे आणि तो उचलायचा की नाही हे दुसऱ्या गावातील माणूस ठरवतो.

आसामची स्थिती काहीशी तशी आहे. पावसाळ्यातील ब्रह्मपुत्रेची पातळी आणि पर्जन्याची आकडेवारी चीनने द्यावी असा समझोता २००२ पासून होता, परंतु २०१७ मध्ये डोकलाममध्ये भारत आणि चीन यांच्या सैन्यांत तणाव असताना ती आकडेवारी आली नाही. पूर्वसूचना नसेल तर काय होते हे जून २००० मध्ये दिसले होते : तिबेटात दरड कोसळून नदीवर तयार झालेला नैसर्गिक बांध फुटला आणि अरुणाचलात सियांगच्या काठची गावे व पूल वाहून गेले.

भारताने पाकिस्तानशी नियमित देवाणघेवाण थांबवल्यानंतरही ऑगस्ट २०२५ मध्ये तावी नदीच्या पुराची सूचना मानवतेच्या भूमिकेतून, उच्चायुक्तालयामार्फत दिली. मला तो निर्णय योग्य वाटतो. खालच्या काठावर झोपलेल्या माणसाला पूर येतो आहे हे न सांगणे कोणत्याही धोरणात बसू नये.

९. बांगलादेशाच्या दृष्टीने तर भारतच "वरचा" आहे. तेथे आपण कसे वागतो?

पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचा फरक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रश्न बांगलादेश विचारत आला आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या तीस वर्षांच्या गंगा करारात १ जानेवारी ते ३१ मे या काळातील पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटले जाते. फरक्क्याला ७०,००० क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मे-निम्मे, आणि टंचाईच्या ऐन काळात दहा दिवसांच्या एकेका टप्प्याआड प्रत्येकाला ३५,००० क्युसेकची हमी. आपल्या कालव्यांवरील आवर्तनाची पद्धत ज्याला माहीत आहे त्याला हे वाटप वाचताक्षणी कळेल. या कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे.

भारतातून बांगलादेशात जाणाऱ्या तिस्ता नदीची गोष्ट वेगळी आहे. २०११ मध्ये करार सहीच्या उंबरठ्यावर असताना पश्चिम बंगालने विरोध केला आणि तो अडला. आपल्या राज्यघटनेत पाणी हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या सूचीत आहे. परदेशाशी करार करण्याचा अधिकार केंद्राचा असला तरी राज्याला डावलून पाणी देणे राजकीयदृष्ट्या कठीण जाते. देशाबाहेरची ताकद अशी देशातील सहमतीवर अडते (प्रश्न १३ पाहा).

१०. आम्ही युरोपला द्राक्षे पाठवतो. म्हणजे नाशिकचे पाणी परदेशी विकतो का?

एका अर्थाने हो. पिकाला लागलेले पाणी मालाबरोबर जाते, यालाच आभासी पाणी म्हणतात. पण किती पाणी लागले आणि त्यातून काय मिळाले, हे दोन्ही पाहावे लागते. एक किलो तांदळाला साधारण दोन ते तीन हजार लिटर पाणी लागते. द्राक्षाला त्याच्या तुलनेत फार कमी, आणि ठिबकवरील बागेत ते आणखी मोजके. मिळणारा पैसा मात्र कितीतरी अधिक. म्हणून द्राक्षाच्या निर्यातीला पाण्याची उधळपट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खरी चिंता पंजाबच्या तांदळाची आहे. तेथे भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या दीडपटीहून अधिक आहे, आणि भारत जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा पश्चिम आफ्रिकेपर्यंत भाव चढले. ही सत्ता खरी आहे, पण ती परत न भरणाऱ्या विहिरीतून उपसलेली आहे. सौदी अरेबियाने हेच करून पाहिले : वाळवंटाखालचे प्राचीन पाणी उपसून गहू पिकवला, काही वर्षे निर्यातही केली, आणि अखेर २०१६ पर्यंत देशी गव्हाची खरेदी बंद केली.

११. समुद्राचे पाणी गोड करता येते, मग हा सगळा वाद जुना झाला नाही का?

पिण्याच्या पाण्यापुरता बराच झाला आहे. शेतीसाठी ते पाणी महाग पडते. सिंगापूरचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्याने बेटावरील जलाशय ताब्यात घेतले, फुटलेल्या नळांतून शहराचे पाणी वाहून जाऊ लागले, आणि ब्रिटिशांच्या शरणागतीमागे हे एक मोठे कारण ठरले. स्वतंत्र सिंगापूरने तो धडा विसरला नाही. १९६२ च्या करारानुसार मलेशियाच्या जोहोर राज्यातून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेण्याचा त्याचा हक्क २०६१ पर्यंत आहे, आणि त्या तारखेला हात पसरावे लागू नयेत म्हणून पावसाचे पाणी साठवणे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे आणि समुद्राचे पाणी गोड करणे ही कामे तो देश कित्येक वर्षांपासून करतो आहे. मात्र किनाऱ्यावरचा प्रकल्पही नाजूक असतो : १९९१ च्या आखाती युद्धात समुद्रात सोडलेले तेल निर्क्षारीकरण प्रकल्पांकडे सरकू लागले, तेव्हा पिण्याचे पाणी वाचवण्यासाठी मोठी धावपळ झाली.

१२. पुढचे महायुद्ध पाण्यावरून होईल, हे खरे का?

दोन देशांनी केवळ पाण्यासाठी पूर्ण युद्ध केल्याची उदाहरणे इतिहासात अत्यंत विरळ आहेत. करारांची संख्या त्याहून फार मोठी आहे. सिंधू करार १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही युद्धांतून टिकला होता. मात्र दुसऱ्या कारणाने पेटलेल्या युद्धात पाणी शस्त्र म्हणून वारंवार वापरले जाते. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेल्यानंतर युक्रेनने तेथील कालव्याचे पाणी अडवले. २०२२ मध्ये रशियन सैन्याने तो अडथळा उडवून कालवा वाहता केला. आणि ६ जून २०२३ रोजी काखोव्का धरण फुटले, तेव्हा त्याच कालव्याचा मूळ स्रोत आटला. १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये धरणांना संरक्षण दिले आहे, पण सगळे देश त्याला बांधील नाहीत, भारतही नाही.

१३. जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले की नाशिककर विरोध करतात, आणि चीनने मात्र आपल्याला न्यायाने पाणी द्यावे म्हणतात. ही विसंगती नाही का?

आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीचे मला मनापासून कौतुक वाटले. नाशिक हा "वरचा" जिल्हा आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र पुढे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही व्यवस्था उचलून धरली. २०२३ मध्ये नाशिक व नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश झाला, तेव्हा इकडे आंदोलने झाली आणि तिकडेही झाली. विरोधातील काही मुद्दे रास्त आहेत : नदीपात्रातून जाताना पाणी मुरते, वाटेत उपसले जाते, आणि सोडलेल्यापैकी किती पोहोचले याचा हिशेब सर्वांना पटेल असा मांडला जात नाही. पण "पाणी आमच्याकडे पडले म्हणून आमचे" हा मुद्दा रास्त नाही. तो मान्य केला तर चीनसमोर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

वाटून घेण्याची परंपरा आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या धुळ्यात आहे. मोसम आणि पांझरा नद्यांवर फड पद्धतीने शेतकऱ्यांनी शतकानुशतके पाणी वाटले. पाणी कमी असेल त्या वर्षी लागवडीचे क्षेत्रच सर्वांनी मिळून आखडते घ्यायचे, असा तो शिरस्ता. आज दिंडोरीतील वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्था स्वतः पाणी मोजून घेतात, पट्टी गोळा करतात आणि टोकाच्या शेताला आधी पाणी देण्याचा आग्रह धरतात.

१४. खालच्याचा विश्वास बसेल अशी व्यवस्था प्रत्यक्षात कुठे आहे का?

आहे, आणि ती आपल्याच गोदावरीवर आहे. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याची साठवण केवळ २.७४ टीएमसी, तरी त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधाऱ्याला परवानगी दिली आणि सोबत अटी घातल्या : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले राहतील, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल, आणि देखरेखीसाठी त्रिसदस्य समिती असेल. तेव्हापासून दरवर्षी १ जुलैला केंद्रीय जल आयोगाचे, महाराष्ट्राचे आणि आता तेलंगणाचे अधिकारी बंधाऱ्यावर एकत्र येतात, चौदाही दरवाजे त्यांच्या समोर उचलले जातात, पातळीची नोंद होते, आणि त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी राज्याची सीमा ओलांडून तेलंगणातील श्रीराम सागर धरणाकडे वाहू लागते.